पहिला ‘सा’ लागेपर्यंत

बंगळूरच्या इंदिरानगर भागातील शंभर फुटी रस्ता ज्याने सायंकाळी पाहिला असेल, त्याला तेथून दोनशे पावलांवर शांतता नांदत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण जाईल. उपाहारगृहांच्या रांगा, कपड्यांची झगमगती दुकाने, वाहनांचा अखंड कोलाहल. परंतु त्या रस्त्यावरून एखाद्या आडगल्लीत वळावे, तो दृश्य पालटते. दुतर्फा मोठी झाडे, बैठी किंवा एकमजली घरे आणि त्यांपैकी एखाद्या घराच्या पायरीवर लहान मापाच्या सात-आठ चपला. या भागात संगीताची शिकवणी कोठे चालते हे पाटी वाचून कळत नाही; ते या चपलांवरून कळते. चार वाजून गेले की त्या चपलांच्या मागून एक सूर ऐकू येऊ लागतो, आणि तो पुष्कळदा एकच असतो.

वसाहत तशी फार जुनी नव्हे. १९७० नंतरच्या दशकात ती आखली गेली व इंदिरा गांधींचे नाव तिला मिळाले. तिच्या एका भागाला अजूनही ‘एच.ए.एल. दुसरा टप्पा’ म्हणतात. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बंगळुरात जो विमानांचा कारखाना उभारला, त्याचीच ही खूण. पुढे संगणकाचा व्यवसाय आला, २०११ साली मेट्रोची गाडी आली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. माझी थोरली बहीण त्यांपैकीच एका कुटुंबात नांदते, आणि प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते तिच्या एका तक्रारीचे.

भाची आठ वर्षांची. तिला ताईने गल्लीतल्याच एका बाईंकडे कर्नाटक संगीत शिकावयास घातले. मी सुटीवर गेलो तेव्हा शिकवणीला तीन महिने होत आले होते. ताई म्हणाली, “तीन महिने झाले, एक गाणं म्हणून येत नाही. आल्या-गेल्यापुढं म्हणायला सांगावं, तर ‘सारीगम’च म्हणते. तू लिहिणारा माणूस, जरा जाऊन बघ तरी, तिथं शिकवतात काय ते. पुढच्या महिन्यापासून बंद करावं म्हणते मी.”

मी गेलो. एकदा नव्हे, तीन वेळा गेलो. आणि त्या शिकवणीवरून कुतूहल वाढून त्याच भागातील आणखी दोन शिक्षकांकडेही जाऊन बसलो. जे पाहिले त्यावरून ताईला तिच्या तक्रारीचे उत्तर देता आले की नाही हे सांगणे कठीण. परंतु अशी तक्रार करणारी आई केवळ इंदिरानगरात नाही, हे जाणून येथे लिहीत आहे.

त्या बाईंना मुले ‘टीचर’ म्हणतात. खोली लहान, भिंतीशी सरस्वतीची तसबीर, जमिनीवर चटई. कोपऱ्यात एका छोट्या पेटीतून तंबोऱ्याचा नाद अखंड चाललेला. ही विजेवर चालणारी पेटी आता आपल्या घराघरांत दिसते, म्हणून तिचे नवल वाटत नाही. परंतु तिचा जन्म याच शहरातला. विमानांच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम केलेले बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास ती तयार केली. तंबोरा जुळवता येणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि नवशिक्या मुलाच्या घरी ती जाणणारे कोणी नसते. या पेटीने ती उणीव भरून काढली. जुन्या मताचे गवई तिच्या नादाला नाके मुरडतात, त्यात तथ्य आहे. तरी सुरात नसलेल्या खऱ्या तंबोऱ्यापेक्षा सुरातली पेटी बरी, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

मुली आल्या, बसल्या. टीचरनी काहीही सांगितले नाही. दोन-तीन मिनिटे सर्वजणी नुसत्या ऐकत होत्या. आठ वर्षांच्या मुलींनी दोन मिनिटे गप्प बसावे हाच मला पहिला चमत्कार वाटला. मग टीचरनी ‘सा’ लावला, मुलींनी लावला. पुन्हा लावला. मग पंचम, मग वरचा षड्ज, आणि परत खाली. “केळु,” टीचर म्हणत, म्हणजे ‘ऐक’. आणि नंतर “इन्नोंदु सल”, म्हणजे ‘आणखी एकदा’. त्या तासाभरात हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की आता माझ्या कानडीच्या ज्ञानाचा पाया तेवढाच आहे असे समजण्यास हरकत नाही.

कोणत्या पट्टीत गावयाचे हे टीचर प्रत्येक मुलीपुरते वेगळे ठरवितात. कर्नाटक पद्धतीत पट्टीला ‘कट्टै’ म्हणतात. पाच कट्टै म्हणजे आपली पांढरी पाच, साडेपाच म्हणजे काळी चार. मुलींचे आवाज बहुधा याच्या आसपास बसतात. परंतु बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. एका मुलीचा वरचा षड्ज ताणून येतो असे दिसताच टीचरनी तिच्यापुरती पट्टी उतरवली व तिला वेगळा वार दिला. मुलगे बाराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटू लागला की घाबरून शिकवणी सोडतात, तेव्हाही पट्टी खाली आणून, थोडे गाऊन पुष्कळ ऐकण्याचा काळ म्हणून ते दिवस काढावेत असे त्यांचे मत. आपल्या सोयीच्या पट्टीत शिष्याला ओढणारा शिक्षक आणि शिष्याच्या पट्टीत स्वतः जाणारा शिक्षक, यांतला भेद पालकांना पहिल्याच दिवशी ओळखता येईल. त्यासाठी संगीताचे ज्ञान लागत नाही. मुलाच्या मानेच्या शिरा पाहिल्या तरी पुरे.

यानंतर ‘सरळे वरसे’ सुरू झाले. वरसे म्हणजे स्वरांची ओळ, आणि सरळे म्हणजे सरळ. सात स्वर चढावयाचे, उतरावयाचे. मग त्यांचेच सोपे फेर. पण हे सारे ताल धरून. उजव्या हाताची मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट. पुन्हा टाळी आणि हात उताणा. पुन्हा टाळी आणि हात उताणा. झाल्या आठ मात्रा. हा आदिताल. एका मात्रेला एक स्वर, मग त्याच मात्रेत दोन, मग चार. हाताची गती मात्र तिळभर बदलावयाची नाही. तोंड धावते आणि हात धावत नाही, ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. वाचकांनी एकदा घरी करून पाहावी.

सरळे वरसे झाले की ‘जंटी वरसे’, ज्यांत प्रत्येक स्वर जोडीने येतो व दुसऱ्यावर किंचित जोर द्यावा लागतो. मग सात तालांतले अलंकार: ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक. यांत चार मात्रांपासून चौदा मात्रांपर्यंतचे हिशेब मुलाच्या बोटांवर येऊन बसतात. मग छोटी गीते, त्यानंतर स्वरजती, वर्ण आणि अखेर कृती. हा क्रम दक्षिणेतल्या चारही भाषांत जवळजवळ एकच आहे. म्हैसूरचे मूल आणि मदुरेचे मूल पहिल्या वर्षी एकच ओळ म्हणत असते, आणि उद्या कुटुंबाची बदली झाली तरी दुसऱ्या गावचा शिक्षक तिथूनच पुढे सुरू करू शकतो. आपल्या उत्तरेकडच्या पद्धतीत ही सोय इतक्या प्रमाणात नाही.

या क्रमाचे कर्तृत्व परंपरा पुरंदरदासांना देते. इ. स. १४८४ ते १५६४ हा त्यांचा काळ मानतात. श्रीमंत सावकार, पुढे सर्वस्वाचा त्याग करून हरिदास झालेला. त्यांच्या पदांत मुद्रिका येते ती ‘पुरंदर विठ्ठल’ अशी, म्हणजे दैवत आपलेच. त्यांचा जन्म पुण्याजवळच्या पुरंदरगडाचा असे एक जुने मत आहे. तर कर्नाटकात मलनाडाकडचे क्षेमपुर हे त्यांचे जन्मस्थान मानणारा पक्ष अलीकडे प्रबळ झाला आहे. या वादात न पडता एवढे मात्र म्हणता येईल, की इंदिरानगरातील संगीत सभेच्या सभागृहाला ‘पुरंदर भवन’ हे नाव आहे, आणि तेथून हाकेच्या अंतरावरच्या घरांतून मुले आज जे घोकतात तेही त्यांच्याच नावाने चालते.

पण पहिला राग कोणता? येथे आपल्या कानांना धक्का बसतो. आपल्याकडे मूल पहिल्यांदा शुद्ध स्वरांचे सप्तक शिकते, जे बिलावल थाटाचे. येथे आरंभ होतो मायामाळवगौळ रागाने. बहात्तर मेळांच्या मांडणीतला हा पंधरावा मेळ, आणि स्वरांनी पाहिले तर तो आपला भैरव थाट. ऋषभ कोमल, धैवत कोमल. ताईचा आक्षेप हाही होता, की आठ वर्षांच्या पोरीला हे पहाटेचे गंभीर स्वर कशाला?

टीचरनी याचे उत्तर शब्दांत न देता पेटीवर दाखविले. सा, रे, ग, म या चार स्वरांतली अंतरे पाहावीत: प्रथम अगदी जवळचे पाऊल, मग लांब उडी, मग पुन्हा जवळचे पाऊल. आता प, ध, नी, सा पाहावेत. हुबेहूब तीच पावले. म्हणजे खालचा अर्धा गळ्यात बसला की वरचा अर्धा आपोआप बसतो. शिवाय जवळची आणि दूरची दोन्ही अंतरे पहिल्याच पाठात कानाला ओळखीची होतात, आणि एक दुसऱ्यात मिसळण्याची भीती कमी राहते. मला हे पटले. परंतु लगेच सांगितले पाहिजे, की दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मी ऐकले आणि तेही मला पटले.

दुसरी बाजू म्हणजे त्याच भागात हिंदुस्थानी गायन शिकविणारे एक गृहस्थ. धारवाडकडचे, त्यामुळे मराठी आपल्यासारखेच बोलणारे. मुले त्यांना ‘गुरुजी’ म्हणतात. ते म्हणाले, “अहो, मूल आईच्या तोंडचं अंगाईगीत, शाळेतली प्रार्थना, आकाशवाणीवरची गाणी ऐकतच आमच्याकडं येतं. त्याच्या कानात शुद्ध स्वर आधीच असतात. जे कानात आहे ते गळ्यात आणायचं, की जे नाही ते?” त्यांच्या शिकवणीत सहा आठवडे पलटे चालतात, पण सातव्या आठवड्यात भूप येतो. पाच स्वरांचा राग, छोटी सरगम, तीनतालाच्या ठेक्यावर. पाठोपाठ दुर्गा, यमन.

ही आपली आजची पद्धत दिसते तितकी प्राचीन नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या, १८४९ साली जन्मलेल्या गायकाच्या पिढीला विद्येसाठी गावोगाव वणवण करावी लागली. गुरुगृही पडेल ते काम करावे आणि कृपा होईल तेव्हा कानावर पडेल ते उचलावे, असा तो काळ. नवशिक्यासाठी वेगळा पाठ असतो ही कल्पनाच त्यात नव्हती. बडोद्यास मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि सामान्य घरच्या मुलाला वर्गात बसून, पुस्तक समोर ठेवून गाणे शिकता येऊ लागले. इकडे विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून देशभर हिंडत होते. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, तेथील मेळांची मांडणी त्यांनी अभ्यासली, आणि पुढे उत्तरेच्या रागांसाठी दहा थाटांची व्यवस्था उभी केली. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चा पहिला भाग त्या दहा थाटांच्या आश्रयरागांपासूनच निघतो. म्हणजे आपल्या मुलांचा पहिला धडा रचणाऱ्या या मराठी पंडिताने दक्षिणेचे दार ठोठावले होते. धारवाडच्या गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते हसले. “म्हणूनच तर आम्ही दोघं एका गल्लीत राहतो,” म्हणाले.

येथे परप्रांतीय मराठी कुटुंबांना पडणारा प्रश्न येतो. घरी भीमसेन जोशींचे अभंग चालू असताना मुलीला शेजारी कर्नाटक संगीत शिकवावे काय? की तासभर प्रवास करून हिंदुस्थानी शिक्षक गाठावा? गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. मुलीचा कल हिंदुस्थानीकडे दिसला तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गायकीचा संस्कार होऊ नये म्हणून त्या माउलीने आपले गाणे आवरते घेतले. पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात आणि सवाई गंधर्वांकडे शिकत. याच्या उलट मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांचे पहिले धडे अप्पय्यास्वामींकडे कर्नाटक पद्धतीचे; त्यानंतर ते मिरजेच्या नीलकंठबुवांकडे हिंदुस्थानी शिकले, आणि पहिल्या शिक्षणाने त्यांचे काही बिघडले असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा उदाहरणे दोन्हीकडची आहेत. एकाच वेळी दोन्ही शिकवू नयेत, एवढे मात्र दोन्ही शिक्षकांनी मला निक्षून सांगितले. कारण मोठे व्यावहारिक आहे: तेच शब्द, अर्थ निराळा. कर्नाटक पद्धतीत ज्याला ‘शुद्ध ऋषभ’ म्हणतात तो आपला कोमल ऋषभ. त्यांचा शुद्ध धैवत आपला कोमल धैवत. आठ वर्षांच्या मुलीला सोमवारी एक शुद्ध आणि गुरुवारी दुसरा शुद्ध शिकवला, तर दोष मुलीचा नव्हे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर चांगला शिक्षक पायी पोहोचण्याच्या अंतरावर असेल तर पद्धतीचा विचार दुय्यम समजावा. रहदारीत दीड तास काढून आलेल्या मुलाचा ‘सा’ कोणत्याच पद्धतीत लागत नाही.

आता ताईच्या मूळ तक्रारीकडे वळू. गाणे केव्हा?

त्याच गल्लीच्या टोकाला एक तरुण शिक्षिका पियानो शिकविते. तिच्याकडे पहिल्याच दिवशी मूल काहीतरी ‘वाजवून’ घरी जाते. तीन स्वरांची का होईना, पण सुरुवात आणि शेवट असलेली धून. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा १८७७ पासून चालत आल्या आहेत. त्यांच्या श्रेणींचे फलकही तिच्या भिंतीवर आहेत, पण पहिले वर्षभर ती परीक्षेचे नाव काढत नाही. जपानच्या शिनिचि सुझुकी (१८९८ ते १९९८) यांचा विचार तिने मला समजावून सांगितला. सुझुकींना एक साधी गोष्ट उमगली होती: जपानची सारी मुले जपानी भाषा अस्खलित बोलतात. मग ज्या रीतीने भाषा येते त्याच रीतीने व्हायोलिन का येऊ नये? म्हणून मूल आधी पुष्कळ ऐकते, आई शिकवणीला सोबत बसते, किंबहुना आधी आईच थोडे वाजवायला शिकते, लिपी मागाहून. आणि लहान, पूर्ण गाणी पहिल्यापासून.

मी हे घेऊन टीचरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, गाणे दिले की मूल शब्दांना धरते. शब्द पाठ होतात, सूर निसटतो. आणि एकदा चुकीच्या सुरात पाठ झालेले गाणे दुरुस्त करणे, नवे शिकविण्याच्या चौपट कष्टाचे. स्वरांच्या ओळीला लपायला जागा नसते. मात्र त्यांनी हेही कबूल केले, की त्यांच्या गुरूंनी त्यांना वर्षभर एकही गीत दिले नव्हते आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्या अकरा मुलींपैकी वर्षअखेर चौघी उरल्या होत्या. “त्या सातजणी आज काही गात नसतील,” असे म्हणून त्या क्षणभर थांबल्या. म्हणून आता त्या तडजोड करतात. तासाची शेवटची दहा मिनिटे एखादे नामावळीसारखे सोपे भजन सर्वांनी मिळून म्हणावयाचे. ते ‘शिकवायचे’ नाही, दुरुस्त करायचे नाही, पाहुण्यांपुढे म्हणावयाचे नाही. खरी गीते, मलहरी रागातली, जी पिळ्ळारी गीते म्हणून ओळखली जातात, ती अलंकार झाल्यावरच.

या ठिकाणी मला आपल्याकडच्या पालकांशी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. गाण्याची घाई मुलाला क्वचितच असते. ती पाहुण्यांना चहा देताना आपल्याला असते. परीक्षेचेही तेच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ असो, कर्नाटकातली ‘ज्युनियर’ असो, की परदेशी श्रेणी असो. परीक्षा वाईट नव्हे, तिने अभ्यासाला शिस्त येते. पण पहिल्या वर्षी परीक्षेसाठी शिकवा असे सांगितले की शिक्षकाला ठराविक चीजा रटवून घेण्यावाचून मार्ग उरत नाही. दोष मागाहून आपण त्यालाच देतो.

आणि तरीही ताईचे अगदी चुकले असे मी म्हणणार नाही. तीन महिन्यांत आपले मूल काय शिकले, हे शिक्षकाने पालकाला एकदा समोर बसवून दाखवावयास नको काय? टीचरनी ते केले नव्हते. मी गेल्यावर त्यांनी भाचीला तिसरा सरळे वरसे तिन्ही गतींत म्हणावयास लावला. पेटीचा नाद मध्येच बंद केला, मुलगी गातच राहिली, आणि पेटी पुन्हा सुरू केली तेव्हा तिचा षड्ज जिथल्या तिथे होता. हे ताईने ऐकले असते तर तक्रार उरली नसती. घरी पेटीच नाही. मग ऐकणार कोठून? त्या दिवशी मी ताईच्या भ्रमणध्वनीत तंबोऱ्याची व्यवस्था करून दिली.

घरच्या अभ्यासाबद्दल टीचरांचे आणि गुरुजींचे सांगणे आश्चर्य वाटावे इतके सारखे होते. रोज पंधरा मिनिटे, शक्य तर एकाच वेळी. रविवारी दोन तास नकोत. तंबोरा चालू असल्याशिवाय एक स्वरही नको. आणि स्वयंपाकघरातून “चुकलं, चुकलं” अशी हाक नको. चूक सुधारण्याचे काम शिक्षकाचे. घरच्यांचे काम ऐकण्याचे. २०२० सालच्या साथीपासून दूरदर्शी पडद्यावरून शिकविण्याची जी रीत पडली, तिच्याविषयीही दोघांचे एकमत. पुढे गेलेल्या शिष्याला ती चालते; नवशिक्याला नाही. कारण आवाज पोहोचण्यास क्षणाचा विलंब लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊच शकत नाहीत. आणि दोन आवाज मिळतात म्हणजे काय होते, हाच तर पहिला धडा.

तो धडा मी कधी शिकलो नाही. इयत्ता पाचवीत असताना स्वातंत्र्यदिनाच्या समूहगीतात मी हौसेने उभा राहिलो होतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गाणे बसविणाऱ्यांनी मला रांगेतच ठेवले, मात्र कानाशी येऊन सांगितले, “तू नुसते ओठ हलव.” मी ओठ हलविले. टाळ्याही पडल्या. त्यानंतर पंचवीस वर्षे झाली. आरतीतही मी ओठच हलवीत आलो आहे. असे पुष्कळ लोक असावेत. खरोखर ज्यांना स्वरांतला भेद जन्मतः कळत नाही अशी माणसे फार थोडी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ते प्रमाण शंभरात सुमारे दीड इतके आढळले. बाकीचे सारे माझ्यासारखे, ज्यांना कोणीतरी केव्हातरी गप्प केले.

ज्या मुलाचा सूर लागत नाही त्याला काय करता, असे मी टीचरना विचारले. मी ते लेखासाठी विचारले असे त्यांना वाटले असावे. त्या म्हणाल्या, “मी त्याला माझ्या ‘सा’वर बोलवत नाही. त्याला हवा तो सूर गुणगुणायला सांगते, आणि मी तिथं जाते.” म्हणजे मुलाने जो कोणता स्वर काढला असेल तोच स्वर शिक्षकाने लावावयाचा. मुलाला प्रथमच जाणवते, की आपला आवाज दुसऱ्या आवाजात मिसळला. कानात एक प्रकारची स्वस्थता येते. ही जाणीव झाली की शिक्षकाने किंचित वर सरकावयाचे, आणि मूल मागून येते. मग आणखी किंचित. काहींना हे एका दिवसात साधते, एका मुलाला सात आठवडे लागले. तो मुलगा आज मृदंग शिकतो, गात नाही. पण त्याचा मृदंग तोच जुळवितो, असे त्यांनी सांगितले.

तिसऱ्या दिवशी तास संपला, मुली गेल्या. भाची चटई गुंडाळीत होती. ताई तिला न्यायला आली होती आणि उंबऱ्याशी उभी राहून पेटीकडे पाहत होती. टीचर मला म्हणाल्या, “सर, तुम्ही तीन दिवस नुसते लिहिता आहात. एकदा गुणगुणून पाहा.” मी नको-नको म्हणत एक स्वर काढला. त्यांनी तो घेतला. काही क्षण दोन आवाज होते, आणि मग ते दोन आहेत हे मला कळेनासे झाले.

टीचर वर सरकू लागल्या. मी मागे जाण्याचा प्रयत्न केला.

“मामा,” चटई तशीच टाकून भाची म्हणाली, “तू खाली राहिलास.”

टीचरनी हसून पेटीची कळ फिरवली आणि पट्टी पांढऱ्या एकवर आणली. “इन्नोंदु सल,” त्या म्हणाल्या. ताई आत येऊन बसली.